विनोदी नाटकाला हार नकोत, तारखा द्या

जुन्या नाट्यगृहाची डागडुजी झाली की उद्घाटनाला एखादं गाजलेलं विनोदी नाटक लावायचं, हे आपल्याकडे जवळजवळ ठरलेलं असतं. नाटकाचं नाव घरोघरी माहीत, नट ओळखीचे, कोणाच्या भावना दुखावण्याची धास्ती नाही. शिवाय प्रमुख पाहुण्यांना पहिल्या अंकानंतर उठून जाता येतं, कारण पुढे काय होतं ते त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. प्रयोग होतो, शाल-श्रीफळ होतं, दुसऱ्या दिवशी भरलेल्या खुर्च्यांचा फोटो छापून येतो आणि नेपथ्य गोदामात परत जातं.

विनोदी नाटकाची याहून मोठी हेळसांड मला तरी माहीत नाही. लोकांच्या पैशातून नाट्यगृह उभं राहत असेल आणि तिथे जुनं विनोदी नाटक आणायचं असेल, तर त्याला सलग पंचवीसेक प्रयोग द्यावेत, त्याच रंगमंचावर आणि त्याच नेपथ्यात. तेवढी तयारी नसेल तर उद्घाटनाला सनईवादन ठेवावं. ते मंगलही असतं आणि वेळेत आटपतं.

हा प्रश्न आत्ता काढायचं कारण आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात बांधून घेतलेलं हे पॅलेस थिएटर. रंगमंच गेला, छत गेलं, दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. जळक्या वास्तूसमोर रडणारे कलावंत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले, आणि होतं तसंच पुन्हा उभं करा ही मागणी धूर विझण्याआधीच सुरू झाली. परळचं शंभरी गाठलेलं दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली खुलं झालं, आणि ते पाडून नवं बांधावं की आहे तेच नीट राखावं यावर वर्षानुवर्षं खल चालू आहे. सगळीकडे बोलणं चालतं ते वाहनतळाचं, वातानुकूलनाचं, खुर्च्यांच्या संख्येचं, वर किती मजले चढणार याचं. आत काय खेळायचं आणि किती दिवस खेळायचं, हा विषय निघालाच तर शेवटी, चहा आल्यावर.

विनोदी नाटकाला एक रात्र का पुरत नाही, हे गंभीर नाटकाशी ताडून पाहिलं की लगेच कळतं. शोकांतिका तालमीत बऱ्यापैकी पुरी होते. रिकाम्या हॉलमध्येही नटाला कळतं की आपला सूर लागला की नाही. विनोदाला ती सोय नाही. तालमीत हसणारी माणसं दिग्दर्शकाची असतात, आणि पंधराव्या दिवशी तीही हसायची थांबतात. हशा कुठे येणार, किती लांबणार, कुठल्या वाक्यावर अजिबात येणार नाही, हे प्रेक्षक बसल्याशिवाय कळायला मार्ग नाही. हशा ओसरायला लागला की तो पुरता थांबायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं असतं. आधी टाकलं तर बुडतं, उशीर झाला तर नाटक थंड पडतं. ही जागा प्रत्येक नाट्यगृहात वेगळी सापडते. खोल बाल्कनी असलेल्या थिएटरात वरचा हशा खालच्यापेक्षा किंचित मागून येतो, आणि तोल न साधलेला नट नेमका त्या दोन हशांच्या मध्ये बोलून मोकळा होतो. चार-पाच प्रयोगांत हे अंगवळणी पडतं, आठ-दहा प्रयोगांनंतर नट खेळायला लागतो. उद्घाटनाच्या रात्री आपण पाहतो ती तालीमच असते, फक्त तिकीट किंवा निमंत्रणपत्रिका घेऊन पाहिलेली.

उदाहरण म्हणून ‘संशयकल्लोळ’ घेऊ. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक मला मराठीतलं सगळ्यात नेटकं बांधलेलं विनोदी नाटक वाटतं. पात्रांची नावं महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून, म्हणजे फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेला पडतं. त्याच गडबडीत रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. ती निरखून पाहत असताना फाल्गुनराव येतो. झालं, संपूर्ण नाटकाला पुरेल एवढं इंधन या एका प्रसंगात भरून ठेवलं आहे. नवऱ्याला बायकोचा संशय, बायकोला नवऱ्याचा, आणि ज्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे त्यांनाही लवकरच एकमेकांचा.

आता ही तसबीर खेळायची कशी? फाल्गुनराव तिथे येताच संतापला तर एक हशा मिळतो. तो आधी बायकोकडे पाहतो, मग तसबिरीकडे, मग पुन्हा बायकोकडे, आणि त्यानंतर सावकाश आपल्याकडे, प्रेक्षकांकडे वळतो, तेव्हा तीन मिळतात आणि तिसरा सगळ्यात मोठा. पण त्या तिसऱ्या वळण्याला किती वेळ घ्यायचा, हे संहितेत कुठेही लिहिलेलं नाही. ते पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंतच्या माणसांनी हसून सांगायचं असतं. शिवाय या नाटकातला निम्मा मजकूर पात्रं आपल्याशीच बोलतात. प्रत्येकाने अर्धंच पाहिलेलं असतं, आणि त्या अर्ध्यावर तो स्वतःशी पुटपुटत पूर्ण निष्कर्ष काढतो. ही स्वगतं प्रेक्षकांच्या कानात सांगितल्यासारखी यायला हवीत. कॉलरला लावलेल्या माइकमधून सगळीच वाक्यं एका पातळीवर येतात, मग समोरच्या पात्राला ऐकू गेलेलं वाक्य आणि न गेलेलं वाक्य यांत फरक उरत नाही. पॅलेस थिएटर बांधलं तेव्हा माइक नव्हता, केशवरावांचा गळा होता. नटाचा उघडा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचावा हे त्या काळच्या बांधणीचं पहिलं काम असे. अशी वास्तू जशीच्या तशी उभी करायची आणि तिथे पाच नटांच्या गळ्यात पाच माइक अडकवायचे, तर मग एवढा आटापिटा कशासाठी? पण माइक काढून खेळायचं तर नटांना त्या जागेत आठवडाभर तालीम हवी. एका दिवसाच्या पाहुण्याला ती कोण देणार?

आपल्या नाट्यव्यवसायाची घडण दौऱ्याची आहे. सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं, आणि दुपारचं नाटक संपलं की रात्रीच्या नाटकासाठी रंगमंच मोकळा करून द्यायचा. नेपथ्याचा ट्रक बाहेर उभाच. या धावपळीत आमच्या रंगमंच कामगारांनी जे कसब कमावलं आहे त्याला तोड नाही. मात्र त्याची किंमत फार्सला मोजावी लागते. फार्स दारांवर चालतो. बबन प्रभूंचे ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ किंवा ‘झोपी गेलेला जागा झाला’ यांसारखे फार्स घ्या. कोण कुठून आत आलं, कोण लपलं, कोण नको त्या क्षणी बाहेर पडलं यावर सगळा डोलारा उभा. ट्रकमधून आलेलं, तासाभरात ठोकलेलं दार आपटलं की भिंत हलते, भिंतीवरची तसबीर हलते, आणि प्रेक्षक हसतो तो भलत्याच गोष्टीला. म्हणून नट दार हळू लावतात. हळू लावलेलं दार आणि फार्स यांचं कधी जमलेलं नाही. महिनाभर एकाच जागी राहणाऱ्या नेपथ्याला खरी चौकट, खरी बिजागरी, खरा कडीकोयंडा लावता येतो.

आणि ही मागणी काही परदेशातून आणलेली नाही. जुन्या नाटक कंपन्या गावात मुक्काम करत. बिऱ्हाडं, पडदे, पेट्या, आचारी असा सगळा संसार घेऊन त्या आठवडेच्या आठवडे एका गावी राहत आणि आळीपाळीने आपली नाटकं लावत. रोज तेच नाटक नसे हे कबूल. तरी रंगमंच तोच असे, प्रेक्षक बराचसा तोच असे, आणि गावातली माणसं एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहून नटाच्या जागा पाठ करत. पॅलेस थिएटर या मुक्कामाच्या काळात बांधलं गेलं. ट्रक नंतर आला.

सलग नसले तरी मोजके प्रयोग करण्याचा एक चांगला दाखला अलीकडचाही आहे. सुनील बर्वे यांनी २०१० च्या सुमारास ‘हर्बेरियम’ या नावाने जुनी नाटकं पुन्हा आणली आणि प्रत्येकाचे फक्त पंचवीस प्रयोग करायचे असं आधीच जाहीर करून टाकलं. वसंत कानेटकरांचं ‘सूर्याची पिल्ले’ त्यात होतं, बबन प्रभूंचा ‘झोपी गेलेला जागा झाला’ही होता. एका निर्मात्याने आपल्या हिकमतीवर हे करून दाखवलं. सरकारने आणि महापालिकांनी यातून काही घेतल्याचं मात्र दिसलं नाही. त्यांच्याकडे तर नाट्यगृहंच आहेत.

मी सुचवतो तो आराखडा साधा आहे. सार्वजनिक मालकीच्या प्रत्येक ऐतिहासिक नाट्यगृहाने वर्षातले चार आठवडे एका जुन्या विनोदी नाटकासाठी राखावेत. पहिला आठवडा रंगमंचावरच्या तालमीचा. पुढचे तीन आठवडे मंगळवार ते रविवार प्रयोग, शनिवार-रविवारी दोन-दोन, म्हणजे आकडा पंचविसाजवळ जातो. भाडं माफ, वीज माफ, बाल्कनी शंभर रुपयांत. नाटक कुणाला द्यायचं ते अर्ज मागवून ठरवावं, आणि निवड समितीत निदान एक जण असा असावा की ज्याने कधीतरी स्वतः प्रेक्षकाला हसवलं आहे.

इतके प्रेक्षक येणार कुठून, असं विचारलं जाईल. हिशेब करू. सातशे खुर्च्या धरल्या आणि रोज निम्म्याच भरल्या, तरी पंचवीस प्रयोगांत पावणेनऊ हजार माणसं होतात. कोल्हापूर, सांगली, पुणे यांसारख्या शहरांना हे जड जावं असं वाटत नाही. पहिला आठवडा सुना जाईल, जाऊ द्या. विनोदी नाटकाची जाहिरात पहिल्या आठवड्यात हसून घरी गेलेली माणसं करतात, आणि ती कामी यायला पुढे प्रयोग शिल्लक असावे लागतात. एका रात्रीच्या प्रयोगाचं कौतुक ऐकून दुसऱ्या दिवशी तिकीट काढायला गेलेल्या माणसाला खिडकी बंद दिसते. एका शहरात अशा समारंभाला मीही गेलो होतो. भाषणं इतकी लांबली की तिसऱ्या अंकाच्या आधी शेवटच्या बससाठी लोक उठायला लागले, आणि उरलेला अंक नटांनी धावत संपवला. ज्यांनी पाहिलं त्यांनी ते ‘जुन्या नाटकांत आता दम राहिला नाही’ असं म्हणून निकालात काढलं. दम नाटकाचा निघाला नव्हता, भाषणं ऐकून लोकांचा निघाला होता.

निर्मात्यांची तक्रार जास्त वजनदार आहे. शनिवार-रविवारच्या तारखांवर धंदा चालतो, त्या चार आठवड्यांत आम्ही कुठे जायचं? खरं आहे. म्हणून हे दिवस पावसाळ्यात किंवा परीक्षांच्या हंगामात, दौरे मंदावलेले असताना घ्यावेत. बाकी, तारखा खरोखर कोण खातं तेही एकदा तपासून बघावं. शाळांची स्नेहसंमेलनं, पक्षांचे मेळावे, पतसंस्थांचे वार्षिक समारंभ यांच्यासाठी नाटकांच्या तारखा फिरवल्या जातात तेव्हा कोणी फारसा आवाज करत नाही.

नव्या लेखकांचं काय, हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. जुन्याचं कौतुक ही सोपी गोष्ट असते आणि सरकारला सोपी गोष्ट आवडते. पण आज विनोद लिहिणाऱ्या तरुणांपुढे नमुना कसला आहे? टीव्हीवरच्या आठ-दहा मिनिटांच्या स्किटचा. तिथे गाठ मारायची आणि शेवटच्या मिनिटाला कापून टाकायची. तीन अंकांभर गुंता वाढवत न्यायचा, एकही धागा न सोडता, आणि शेवटी तो प्रेक्षकासमोर सोडवून दाखवायचा, ही कारागिरी वाचून फारशी कळत नाही. एकच नाटक आठवड्यातून तीनदा पाहायला मिळालं तर कळते. पहिल्यांदा माणूस हसतो, दुसऱ्यांदा हसू कुठे येतं ते बघतो, आणि तिसऱ्यांदा ते हसू वीस मिनिटं आधी कुठे पेरलं होतं ते त्याच्या ध्यानात येतं. नव्या लेखकाला याहून स्वस्त शाळा कोणती?

राहिला प्रश्न संहितेला हात लावण्याचा. इथे दोन्ही बाजूंची मंडळी मला सारखीच वैताग आणतात. ‘देवलांच्या शब्दाला धक्का नको’ म्हणणाऱ्यांनी देवलांनी काय केलं ते आठवावं. फ्रेंच नाटककार मोलिएरचं मूळ प्रहसन १६६० चं. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली इंग्रजी नाटक रचलं. त्यावरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिलं, आणि पुढे त्यालाच पदांची जोड देऊन ‘संशयकल्लोळ’ केलं, ते गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणलं. पॅरिसची भांडकुदळ बायको मराठी घरात येऊन कृत्तिका झाली ती कोणीतरी बेधडक कात्री आणि सुई चालवली म्हणूनच. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’सुद्धा ब्रँडन थॉमसच्या इंग्रजी ‘चार्लीज आँट’वरून आलेली. बापूराव माने, विजय चव्हाण, भरत जाधव अशा तीन पिढ्यांनी ती मावशी केली, आणि प्रत्येकाची मावशी वेगळी होती. विजय चव्हाणांनी मान्यांची नक्कल केली असती तर ते नाटक तिथेच संपलं असतं.

दुसरी मंडळी ‘आजच्या काळाशी जोडायला हवं’ म्हणून मोबाइल आणतात, राजकारणातल्या कोट्या घुसवतात. ‘संशयकल्लोळ’मध्ये मोबाइल आला की नाटक पाचव्या मिनिटाला संपतं, एक फोन केला की झालं. मोबाइलमुळे संशय वाढतात हे मलाही दिसतं. पण ते वेगळं नाटक आहे, कोणीतरी नव्याने लिहावं, मी तिकीट काढून येईन. पदरच्या कोट्यांवर येणारा हशा नाटकाला नसतो, कोटीला असतो, आणि तो ओसरला की मूळ प्रसंग पुन्हा शून्यातून चढवावा लागतो.

कापायचंच असेल तर आज संदर्भ हरवलेल्या कोट्या कापाव्यात, पदांची संख्या कमी करावी, वन्स मोअरच्या सवयीने लांबलेल्या जागा आवळाव्यात. नाटक ज्या पायावर उभं आहे तो पाया मात्र खरवडू नये. रेवती नायकिणीच्या घरातली आहे. हल्ली अवघडल्यासारखं होतं म्हणून ते पुसट केलं तर अश्विनशेठ तिच्याशी लग्न करायला निघतो यात काही धैर्यच उरत नाही, आणि लोक तिच्याबद्दल वाईट समजायला इतके उतावीळ का असतात तेही कळत नाही. ‘मोरूची मावशी’तही मुली घरी यायच्या तर वडीलधारी बाई हजर हवी, ही त्या काळची अट काढून टाकली तर लुगडं नेसलेल्या पुरुषाची गरजच पडत नाही, मग उरतो तो नुसता लुगडं नेसलेला पुरुष. काही ठिकाणी तर कात्री चालतच नाही. देवेंद्र पेम यांच्या १९९३ च्या ‘ऑल द बेस्ट’मध्ये आंधळा, बहिरा आणि मुका असे तीन मित्र एकाच मुलीच्या प्रेमात पडतात. ते व्यंग हेच नाटकाचं यंत्र आहे. खेळायचं तर सगळं खेळावं, नाहीतर सोडून द्यावं. आणि हे आधी ठरवता येत नाही, हाच तर माझा मुद्दा आहे. प्रेक्षक कुठे मनापासून हसतो आणि कुठे चुळबुळतो, हे सात-आठ रात्री ऐकल्यावर दिग्दर्शकाने कापावं, परिसंवादात बसून नव्हे.

आता शेवटची अट, जी निर्मात्यांना सगळ्यात जाचेल. पंचविसावा प्रयोग झाला की त्या नाट्यगृहातलं ते नाटक बंद, खिडकीवर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी असली तरी. पुढे चालवायचं असेल तर निर्मात्याने इतरांसारखं भाडं भरून, इतरांसारख्या तारखा मिळवून, ट्रक घेऊन निघावं. पुढच्या वर्षीचे चार आठवडे दुसऱ्या नाटकाचे, दुसऱ्या नटांचे. यावर ‘चालणारं नाटक कशाला थांबवायचं’ म्हणून ओरड होईल, पुढाऱ्यांचे फोन येतील, मुदतवाढीचे अर्ज येतील. त्यांना नाही म्हणायची तयारी असलेला व्यवस्थापक नेमावा, आणि त्याची बदली निदान तीन वर्षं करू नये.